बहाव्याला सांगायचं नाव

आमच्या अक्काकडे कुणी दुखणं घेऊन आलं की ती आधी दुखणं विचारायची नाही. "आईचं नाव काय तुमच्या?" असं विचारायची. पोट धरून वाकलेला माणूस असला तरी त्याला आधी आईचं नाव सांगावं लागे, मग बसायला घोंगडी मिळे. एकदा तालमीतला एक पैलवान आला. ओसरीवर चार माणसं बसलेली बघून दारातच घुटमळला. अक्कानं चुलीपुढूनच आवाज दिला, "आईचं नाव?" तो म्हणाला, "बाई, तिचं काय काम हाय इथं?" अक्का म्हणाली, "अय्यो! पोट तेवढं घेऊन आलास आन् आईला घरी ठिवून आलास व्हय रं? जा, घेऊन ये." ओसरीवरची माणसं हसली. एवढा धिप्पाड माणूस, पण आत येऊन तिच्या कानाशी वाकला आणि लेकरासारखं हळूच नाव सांगितलं. पुढं तो बरा झाला. तेव्हापासून आमच्या घरावरून जाताना सायकलवरून उतरून चालत जायचा.

अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ, नीलावती. आमचं गाव अहमदपूरपासून जवळ. अक्काचं माहेर उदगीरच्या पलीकडं, कर्नाटकाच्या हद्दीवर, म्हणून तिच्या बोलण्यात मधूनच कानडी यायचं. तिचं औषध एकच आणि झाड एकच. बहावा. आमच्या शेताच्या बांधावर तो उभा होता. वर्षभर त्याच्याकडे कुणी बघायचं नाही. चैत्र-वैशाखात सगळं रान भाजून निघालं की तो पिवळ्या फुलांनी असा लदबदायचा की पान दिसायचं नाही. आणि त्याच फुलांतून गेल्या सालच्या लांब काळ्या शेंगा काठ्यांसारख्या लोंबत असायच्या. त्या शेंगेत चिंचेसारखा काळा गर असतो. तो गर म्हणजे अक्काचं औषध. बांधलेलं पोट तो हळूच सोडवतो.

पण शेंग तोडून आणली आणि दिली, असं ती कधी करत नसे. आदल्या दिवशी दिवेलागणीला झाडाकडे जायची, बुंध्याला चिमूटभर विभूती लावायची आणि झाडाला आवतण द्यायची. "अमकीच्या पोटचा अमका, त्याच्यासाठी उद्या येते." मग मागं न बघता घरी. सकाळी उठल्यावर कुणाशी एक शब्द न बोलता जायची आणि शेंग घेऊन यायची. "न सांगता हात लावला तर झाड नुसतं लाकूड देतं," ती म्हणायची, "औषध देत न्हाई." आईचं नाव चुकलं तर गुण येत नाही, उलटून दुखणं वाढतं, हेही ती सांगायची. बापाचं नाव का नाही, असं मी एकदा विचारलं. ती म्हणाली, "बापाचं नाव गाव सांगतं गोदे. आईचं नाव पोटाला ठावं असतं."

मी नांदेडकडची, हदगाव तालुक्यातली. नाव गोदावरी. चौथीपर्यंत शाळा झाली आणि पुढं काही वर्षांनी लग्न होऊन इथं आले. उंबऱ्यावरचं माप ओलांडल्यावर पहिल्यांदा माझ्याशी बोलली ती अक्काच. माझी हनुवटी वर करून म्हणाली, "आईचं नाव काय गं?" मी म्हणाले, "गिरजाबाई." ती म्हणाली, "झालं. आता तुपलं औषध पक्कं." मला बरं वाटलं. पण लगेच ती बायकांकडे वळून काहीतरी बोलली, सगळ्याजणी तिच्याकडे बघून हसायला लागल्या, आणि नवरी मी असून माझ्याकडे कुणाचं लक्ष राहिलं नाही. तिथून जे सुरू झालं ते आजपर्यंत संपलेलं नाही.

दिसायला मी तिच्यापेक्षा उजवी होते. हे मी कुणापुढं बोलले नाही, पण खरं ते लिहायला काय हरकत आहे? अक्का उंच, काळी, हाडापेरानं मोठी. कपाळावर विभूतीचे आडवे पट्टे, टाचांना भेगा, पुढचा एक दात पडलेला. हसताना तोंडावर हात धरायची. मी गोरी, नाकीडोळी नीटस. पण मला चार माणसांत बोलता यायचं नाही. घरी आलेली बाई मला बघायला म्हणून यायची आणि अक्काशी बोलत बसायची. मी चहा करायची, कपबशा विसळायची, आणि आतून त्यांचं हसणं ऐकायची. आमचे मालक तर काहीही विचारलं की म्हणायचे, "अक्काला इचार." शेतात काय पेरायचं, अक्काला विचार. पाहुण्याला काय आहेर करायचा, अक्काला विचार. एकदा मी चिडून विचारलं, "उद्या मी जगावं का मरावं तेबी अक्कालाच इचारू का?" ते म्हणाले, "इचार की. ती काय वाईट सांगंल व्हय?"

तिच्या हाताला माप होतं, हे मात्र मानावं लागेल. शेंग फोडून गर गरम पाण्यात भिजवायची, कुस्करायची, फडक्यातून गाळायची, एकही बी राहू द्यायची नाही. म्हातारं माणूस असेल तर वेगळं माप, कामकरी असेल तर वेगळं. पोटुशी बाई आली की परत पाठवायची. कुणी जास्त मागितलं तर म्हणायची, "पोट म्हंजे दार हाय. उघडावं, मोडू न्हाई." कुणाला गजकर्ण झालं तर त्याच बहाव्याचा कोवळा पाला वाटून लावायला द्यायची. त्याला मात्र ती खात्री द्यायची नाही. "लावून बगा. गेलं तर झाडाचं नाव, न्हाई गेलं तर डागदराकडं जावा." औषधाचे पैसे ती घ्यायची नाही. लोक तिचं नाव घेत जायचे आणि मी दारात उभी राहून ते ऐकायची.

अक्काला मूलबाळ नव्हतं. त्यासाठी ती उपासतापास, नवस करताना मला दिसली नाही. बायका खोचकपणे विचारायच्या. ती हात बहाव्याकडे करायची. "फुलं किती आन् शेंगा किती, जरा बगून या. समद्या फुलांची शेंग व्हायलाच पायजे असं थोडंच हाय?" मला उमा झाली तेव्हा माझ्या मनात खरं काय आलं ते सांगते. मला वाटलं, आता एक गोष्ट अशी आहे जी माझ्याकडे आहे आणि तिच्याकडे नाही. बाळंतिणीच्या खोलीत मी उमाला छातीशी धरून पडायची, अक्का दारातून बघायची आणि शेगडीत ओवा टाकून निघून जायची. ते दिवस माझे चांगले गेले.

मग बहात्तरचा दुष्काळ पडला. विहिरीचा तळ दिसला, जनावरं छावणीला गेली, आणि गावातली धडधाकट माणसं खडी फोडायला रस्त्याच्या कामावर जायला लागली. अक्काच्या गुडघ्यात वारं भरलेलं, तिला उकिडवं बसता येत नसे. म्हणून घरी ती आणि कामावर मी, असं ठरलं. उमा तेव्हा नुकती बोलायला लागलेली. मी उजाडताच जायची आणि दिवस कलल्यावर यायची. लेकरू दिवसभर अक्काच्या कडेवर. ती तिला जेवू घालायची, झोपवायची, तिच्याशी बडबडायची. माझ्या वाट्याला झोपलेली उमा यायची.

उमा अक्काला "अव्वा" म्हणायला लागली. अव्वा म्हणजे कानडीत आई. आणि अक्का मला "गोदे" अशी हाक मारायची, ती ऐकून ऐकून माझी लेकही मला "गोदे" म्हणायला लागली. एका संध्याकाळी मी डोक्यापासून पायापर्यंत फुफाट्यानं भरून दारात आले. उमा अक्काच्या मांडीवर. मला बघून ओरडली, "अव्वा, गोदी आली!" ओसरीवर सगळे खो-खो हसले. अक्का म्हणाली, "आई म्हन की गं भवाने. मपल्यासारखं गोदे काय म्हनतीस?" उमा तिच्या गळ्यात पडून म्हणाली, "तू आई." अक्का तोंडावर हात धरून हसली. त्या हसण्यात तिनं लेकराला दुसऱ्यांदा दुरुस्त केलं नाही, हे मी बघितलं. बाकी कुणी बघितलं नसेल.

त्या साली लोकांच्या पोटांचे फार हाल झाले. रेशनला मिलो यायचा, अमेरिकेची लाल, जाडीभरडी ज्वारी. कामावर सुकडी मिळायची. खायला कोरडं आणि प्यायला पाणी मोजकं. म्हातारी माणसं, लेकरं, सगळ्यांची पोटं आखडलेली. अक्काच्या ओसरीवर रोज माणसं. गावातली बाकीची झाडं लोकांनी जनावरांच्या पाल्यासाठी ओरबाडून काढली होती, पण बहाव्याचा पाला जनावर खात नाही, म्हणून तो तेवढा राहिला. "कडू असलं की जगतं गोदे," ती म्हणायची. सगळं रान करपून काळं पडलेलं आणि मधोमध तेवढा एक बहावा पिवळाधमक. मला तो बघवत नसे. अंगभर सोनं घालून आपल्याच घरात मिरवणाऱ्या पाहुणीसारखा वाटायचा.

वैशाखात उमाचं पोट आखडलं. पोट दगडासारखं झालं, हात लावू देईना, रडून रडून आवाज बसला. मालकांनी तिला अहमदपूरला नेलं. डॉक्टरांनी औषध दिलं, पाणी पाजत राहा, उद्यापर्यंत उतार पडला नाही तर परत आणा, असं सांगितलं. घरी आणली. दिवेलागण झाली तशी अक्का उठली आणि विभूतीची डबी कनवटीला लावून शेताकडे निघाली.

मी लेकरू मालकांच्या हातात दिलं आणि तिच्या मागं गेले. ती झाडाला आईचं नाव सांगणार. कुणाचं सांगते, ते मला ऐकायचं होतं. दुसरं माझ्या डोक्यात काही नव्हतं. लेकराच्या जिवाची काळजी होतीच, पण त्या घडीला पाय चालत होते ते नाव ऐकण्यासाठी. विहिरीच्या कडेला उपसलेल्या मुरमाचा ढीग होता, त्याच्याआड मी बसले. अक्कानं बुंध्याला विभूती लावली. झाडावर हात टेकून उभी राहिली. एरवी ती खणखणीत आवाजात सांगायची, पार वाटेवर ऐकू यायचं. त्या दिवशी तिचे फक्त ओठ हलले. वरून दोन-चार पाकळ्या तिच्या पदरावर पडल्या. मला एक अक्षर ऐकू आलं नाही. ती मागं न बघता घरी गेली आणि मी ढिगाआडून उठून आडवाटेनं तिच्या आधी घरात येऊन बसले.

सकाळी तिनं शेंग आणली. गर एरंडीच्या तेलात कोमट केला आणि उमाच्या बेंबीभोवती त्याचा लेप दिला. "एवढ्याशा लेकराला पोटात न्हाई, पोटावर," एवढंच बोलली. ती लेप चोळत होती आणि उमा तिच्याकडे बघत होती. दुपारी लेकराचं पोट मोकळं झालं. सगळं घर त्या घाणेरड्या दुपट्याभोवती जमून आनंद करत होतं. सासरे म्हणाले, "नीलावती, तुपल्या हाताला यश हाय बाई." मी ते दुपटं उचललं आणि तांब्याभर पाण्यात धुवायला बसले. धुताना माझ्या मनात आलं, गुण आला, म्हणजे नाव बरोबर होतं. पण कुणाचं? माझं सांगितलं असेल तर ठीक. पण तिनं स्वतःचं नाव सांगितलं असेल आणि तरी गुण आला असेल तर? मग झाडानंच तिला उमाची आई मानलं, असं झालं.

हे विचारायचं कसं? "तुमी माझ्या लेकीची आई म्हणून कुणाचं नाव घेतलं?" असा प्रश्न जावेला विचारता येतो का? मी विचारला नाही. पुढची कितीतरी वर्षं भाकऱ्या थापताना, शेण गोळा करताना तो प्रश्न माझ्याबरोबर राहिला. पाऊसपाणी सुरळीत झालं, कामावर जाणं संपलं, पण उमा काही माझ्याकडे परत आली नाही. झोपायला अक्काजवळ, केस विंचरून घ्यायला अक्काकडे. शाळेतून आली की दप्तर माझ्याकडे टाकायची आणि हाक तिला मारायची. बहाव्याच्या शेंगा गोळा करायला दोघी जायच्या. आवतण कसं द्यायचं, माप कसं घ्यायचं, अक्का तिला शिकवायची. मला कधी शिकवलं नाही. मी कधी म्हटलं नाही, हेही खरं. पण म्हणायला कशाला लागतं?

लातूर जिल्हा झाला तेव्हा आम्ही उस्मानाबादचे लातूरचे झालो. गावात लोकांनी पेढे वाटले. नवीन कचेऱ्या निघाल्या, आणि एका कचेरीत आमच्या मालकांना शिपायाची नोकरी लागली. जिल्हा माझ्यासाठीच झाला, असं मला वाटलं. बिऱ्हाड लातूरला हलवायचं ठरलं. गाडीत सामान भरताना अक्का उमाच्या केसांना तेल लावत बसली होती. मला म्हणाली, "लेकराला लातूरचं पानी मानवतंय का बग गोदे." मी म्हणाले, "मानवंल. मी हाय की." एवढं मोठ्यानं मी तिच्याशी पहिल्यांदाच बोलले असेन.

लातूरला आमची खोली डाळीच्या गिरणीमागं होती. दिवसभर गिरणीचा आवाज आणि हरभऱ्याच्या टरफलांची धूळ. पण माझी चूल, माझं दार, आणि माझी लेक. शेजारच्या पोरींचं ऐकून उमा मला "आई" म्हणायला लागली. पहिल्यांदा म्हणाली त्या दिवशी मी शिरा केला. मालकांनी विचारलं, "आज काय सण हाय?" मी म्हणाले, "रवा उरला होता." ते "आई" शेजाऱ्यांकडून उसनं आलेलं होतं, हे मला कळत होतं. तरी मी ते घेतलं.

बाजाराला येणाऱ्या माणसांबरोबर अक्का शेंगांचं गाठोडं पाठवायची. मी ते माळ्यावर टाकून द्यायची. उमाला वास लागायचाच. शिडी लावून काढायची आणि चाळीत कुणाचं पोट दुखलं की अक्कासारखीच कमरेवर हात ठेवून विचारायची, "आईचं नाव काय तुमच्या?" लोक हसायचे. मला हसू यायचं नाही. एकदा उमा म्हणाली, "आई, अव्वाचं नाव निघालं की तू भांडी का आदळतीस?" मी म्हणाले, "भांडी जुनी हायत, वाजतात." ती म्हणाली, "कालच तर नवी आणलीस." आमचे मालक पेपराआड तोंड लपवून हसत होते, ते मला दिसत होतं.

उमाचं लग्न लातूरलाच करून दिलं. पाठवणीच्या वेळी ती आधी कुणाच्या गळ्यात पडली हे लिहायची गरज नाही. मांडवातल्या सगळ्यांनी बघितलं. अक्कानं तिचे हात सोडवले आणि म्हणाली, "जा, तिकडं जा, ती उभी हाय बग." मग उमा माझ्याकडे आली. पाठवलेली आली.

त्यानंतर काही वर्षांनी, थंडीच्या दिवसांत, अक्का अंथरुणाला खिळल्याचा निरोप आला. उमा तेव्हा दुसऱ्या बाळंतपणात होती. तिला हलता येत नव्हतं. मी भेटायला गेले तर माझा हात धरून रडली. "आई, तू जा. तू गेलीस म्हंजे मी गेल्यासारखं हाय." मी गेले असते का, तिनं सांगितलं नसतं तर? गेलेच असते. जावेचं करायला जावंच लागतं. पण मी गेल्यावर ते उमाचं जाणं होणार, हे ऐकून मला एसटीत पूर्ण वाटभर कसंतरी वाटत होतं.

अक्काचा नुसता सांगाडा राहिला होता. पोट मात्र फुगून घट्ट झालेलं. डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या, ते येऊन बघून जायचे, पण या वयात फार काही होणार नाही असं त्यांनी अक्काच्या नवऱ्याला, आमच्या थोरल्या दिरांना सांगितलं होतं. अक्का मला बघून हसली. तोंडावर हात धरायची ताकद नव्हती, म्हणून पडलेल्या दातांच्या सगळ्या फटी दिसल्या.

"आलीस गोदे? लेकराचं काय? पोरगी का पोरगा?"

"पोरगी. चांगली हाय. तुमचं पोट लई फुगलंय अक्का. बहाव्याचं घेतलं न्हाई का?"

"देणाऱ्याचा हात वेगळा लागतो. आपलं आवतण आपल्याला देता येत न्हाई."

"मग मी देते. शिकवलं न्हाई तुमी, पण बघून बघून आलंय. तुमच्या आईचं नाव सांगा."

ती वरच्या आढ्याकडे बघत राहिली. मला वाटलं ऐकलं नाही. मी पुन्हा विचारलं. तेव्हा ती म्हणाली, "ठावं न्हाई."

मला खरं वाटेना. सबंध गावाच्या आयांची नावं तिला पाठ. ती थांबत थांबत बोलली. ती रांगायच्या आधी तिची आई गेली. बापानं दुसरी केली. घरात मेलेलीचं नाव कुणी काढत नसे, काढलं की दुसरी आजारी पडते असं म्हणायचे. आत्या बोलली तर "ती थोरली" एवढंच बोलायची. "विचारायची अक्कल आली तवर सांगणारं कुणी उरलं न्हाई. समद्यांच्या आया ठाव्या हायत मला गोदे. मपलीच तेवढी न्हाई. म्हून हे औषध मी जन्मात कधी घेतलं न्हाई."

मी तिच्या अंगावरची गोधडी वर ओढली. मग इतकी वर्षं जे विचारलं नव्हतं ते तोंडातून निघून गेलं.

"अक्का, दुष्काळात उमाचं पोट आखडलं होतं, तवा झाडाला कुणाचं नाव सांगितलं तुमी?"

तिनं मान वळवून माझ्याकडे बघितलं. "तू मुरमाच्या ढिगामागं बसली होतीस."

"तुमी बघितलं?"

"तुपलं लुगडं लाल. मुरूम पांढरा."

"मग हळू का बोललात? मोठ्यानं का न्हाई?"

"रडू येऊन राहिलं होतं. आवाज फुटंना." मग जरा दम घेऊन म्हणाली, "तुपलंच सांगितलं गं येडे. गोदावरीच्या पोटची उमा. दुसरं सांगून बगितलं असतं आन् लेकराला कायबाय झालं असतं मंग? तेवढी हौस भागवायला लेकराचा जीव पणाला लावू व्हय?"

हौस. म्हणजे हौस होती. तिनं दाबून टाकली. इतकी वर्षं मी नावासाठी जळत होते आणि नाव तर माझंच होतं. मला हलकं वाटायला पाहिजे होतं. पण मला वाटलं, इथंही हीच मोठी झाली. मी तिच्या जागी असते तर मी कुणाचं नाव सांगितलं असतं? मला उत्तर माहीत होतं.

दिवेलागणीला मी विभूती घेऊन शेताकडे निघाले. बहाव्याला फुलं नव्हती, थंडीचा तो तसाच उभा होता, शेंगा काळ्या व्हायला लागलेल्या. बुंध्याला विभूती लावली. आता बोलायचं. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द निघत नाही, आणि इथं तर एकही माणूस नव्हतं, तरी निघेना. अमकीच्या पोटची नीलावती. अमकी कोण? खोटं नाव घेतलं तर उलटतं. काहीच नाव नाही घेतलं तर ते आवतणच नाही. झाडाला ती कोण आहे हे कळायला पाहिजे. आईवरून ओळख सांगता येत नसेल तर दुसरी कशावरून सांगायची? नवऱ्यावरून सांगितलेलं झाडाला चालत नाही.

मी म्हणाले, "उमाची आई नीलावती. तिच्यासाठी उद्या येते."

मोठ्यानंच म्हणाले. वाटेवरून कुणी जात असतं तर त्याला ऐकू गेलं असतं.

सकाळी न बोलता शेंग आणली, गर भिजवला, कुस्करला, तिच्यासारखाच गाळला, माप कमीच धरलं. ती बघत होती. पिऊन झाल्यावर म्हणाली, "नाव काय सांगितलंस?"

"सांगितलं एक," मी म्हणाले.

तिनं रिकामी वाटी माझ्या हातात दिली. दुपारी तिचं पोट मोकळं झालं. मी तिचं सगळं आवरलं, धुतलं, लुगडं बदललं. त्या दिवशी ती अर्धी भाकरी दुधात कालवून जेवली आणि शांत झोपली. महाशिवरात्रीच्या आधी ती गेली. आमच्या लिंगायतांत बसवून पुरतात, तसं तिला शेतात पुरलं. उमा तान्ही लेक पदराखाली घेऊन आली आणि मातीवर पडून रडली. समाचाराला आलेल्या बायका तिच्याभोवती बसल्या. कुणी मला म्हणालं, "उमाला लई लागलंय हो." मी म्हणाले, "लागणारच."

मी झाडाला काय सांगितलं ते उमाला अजून माहीत नाही. मी सांगणारही नाही. त्या वेळी दुसरं काही सुचलं नाही, अडलेलं पोट होतं, म्हणून बोलून गेले, असं मी मनाला समजावते. पण गुण आला. नाव चुकलं असतं तर आला नसता. नाव बरोबर निघालं, आणि ते बरोबर निघायला नको होतं असं मला आजही वाटतं.